लेबल काढलेला डबा

पांढऱ्या, दोन लिटरच्या डब्यात एकशे सत्याण्णव सुया होत्या. एकशे एकवीस इन्सुलिनच्या पेनला लावायच्या, चार मिलिमीटर लांबीच्या. एकोणचाळीस तसल्याच, पण सहा मिलिमीटरच्या. सदतीस बोटाला टोचून साखर तपासायच्या. टोपण लावलेल्या एकशे चौऱ्याऐंशी, उघड्या तेरा. शिवाय कापसाचे आठ बोळे, त्यांतल्या पाचांवर वाळलेलं रक्त. मी हे सगळं चिमट्याने ट्रेमध्ये मांडलं, दोनदा मोजलं आणि कागदावर लिहून वर तारीख टाकली: मंगळवार, चार नोव्हेंबर.

उघड्या तेरांपैकी एक पिलसूनमावशीच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी शिरली होती. कोणती, ते सांगता येत नव्हतं.

आन्सान शहराच्या बाहेर, खाडीच्या बाजूला आमचं केंद्र आहे. शहरातून उचललेलं प्लास्टिक तिथे सरकत्या पट्ट्यावरून येतं आणि आम्ही दोन्ही बाजूंना उभ्या राहून ते वेगळं करतो. मी रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर दीड वर्ष नोकऱ्यांचे अर्ज भरले आणि मग 'तात्पुरतं' म्हणून इथे आले. त्याला आता तीन वर्षं झाली. पिलसूनमावशी माझ्या डाव्या हाताला उभी असायची. तिला एकोणीस वर्षं झाली होती. आम्हा दोघींकडे पांढरे डबे: कपड्यांच्या साबणाचे, शाम्पूचे, भांडी घासायच्या लिक्विडचे. दिसायला सगळे सारखेच. पण काही पॉलिइथिलीनचे, काही पॉलिप्रॉपिलीनचे, आणि एकात दुसरं गेलं की दाबून बांधलेली गासडी कारखान्याकडून परत येते. डोळा फसतो. बोट फसत नाही. पहिलं मेणासारखं लागतं, दुसरं कोरडं. म्हणून आमच्यातली प्रत्येक जण उजव्या हातमोज्याचा अंगठा आणि पहिलं बोट कात्रीने कापून टाकते. नियमात ते बसत नाही. कुक आडनावाचा मुकादम पाहतो आणि छताकडे बघत पुढे जातो.

डबा हातात आला की टोपण फिरवून काढायचं, ते वेगळ्या पिंपात. मग डबा उपडा करून उजव्या तळहातावर एकदा आपटायचा. आत साबण उरला असेल तर उघड्या बोटांना ओल कळते. तो डबा बाजूला. मिनिटाला साधारण साठ डबे जातात. इतक्या वेगात कुणी आत डोकावून बघत नाही.

त्या डब्याचं लेबल कुणीतरी अगदी स्वच्छ काढलेलं होतं. मावशीने टोपण काढलं, डबा आपटला, आणि तिच्या तोंडून फक्त श्वास ओढल्याचा आवाज आला. हातावर चार-पाच सुया पडल्या होत्या. एक उभी होती.

मी पट्टा थांबवायच्या दोरीकडे हात नेला.

"ओढू नकोस," ती म्हणाली. सुई तिने स्वतःच उपटली, डब्यात टाकली, टोपण लावलं आणि डबा पायाने टेबलाखाली सारला. "दहा मिनिटांत सुट्टी होईल. काम कर."

सुट्टीत ती मोरीत हात धूत उभी राहिली. साबण लावायची, अंगठा पिळायची, पुन्हा साबण. रक्ताचा थेंब आधीच थांबला होता.

"नऊ दिवस राहिलेत, सोदाम," ती आरशात माझ्याकडे बघून म्हणाली. "तू काही पाहिलं नाहीस."

नऊ दिवसांनी ती आपल्या यकृताचा मोठा भाग धाकट्या बहिणीला देणार होती. हे आमच्या पट्ट्यावर सगळ्यांना माहीत होतं. ह्यांगमी सेहेचाळीस वर्षांची. तिचं शरीरच तिच्या यकृतावर उलटलं होतं. सहा वर्षं औषधांवर काढली, आणि उन्हाळ्यात औषधांनी हात टेकले. नवरा केव्हाच वेगळा झालेला, मूल नाही. मावशीचा मुलगा तपासून झाला, त्याच्या यकृतात चरबी निघाली. मृत माणसाचं यकृत मिळायच्या यादीत ह्यांगमीचं नाव होतं, पण त्या यादीबद्दल डॉक्टर बोलताना कागद चाळायचे. राहिली मावशी. वय चोपन्न, वजन जास्त. तिने तीन महिन्यांत सात किलो उतरवले. रोज जेवणाच्या सुट्टीत आम्ही भात खायचो आणि ती उकडलेली कोबी.

"तुझं लिव्हर एवढं मौल्यवान झालंय ताई," परदेशातल्या यॉनब्यॉनहून आमच्या पट्ट्यावर आलेली ओकह्वा म्हणायची, "की त्याची गासडी बांधून शिक्का मारून ठेवावा. नाहीतर कुणीतरी चुकून पॉलिप्रॉपिलीनमध्ये टाकायचं."

"तू टाकशील. तुला अजून फरक कुठे कळतो?"

"मला कळत नाही? मी नवऱ्याला हात लावून सांगते, आज पिऊन आलाय की नाही!"

आईवडील गेले तेव्हा मावशी सोळाची आणि ह्यांगमी आठ वर्षांची. पुढचं तिने कधी सविस्तर सांगितलं नाही. एकदाच म्हणाली होती, "तिच्या शाळेचा डबा आणि माझी कामाची पाळी, दोन्ही एकाच वेळी सुरू व्हायचं."

तर मोरीत ती म्हणाली, तू काही पाहिलं नाहीस. मी बरं म्हणाले. मग टॉवेलने हात पुसता पुसता तीच थांबली.

"तू शिकलेली आहेस. खरं सांग. त्या सुईने काय होऊ शकतं?"

"काविळीचे विषाणू असू शकतात. बी आणि सी. बी ची लस तुम्ही घेतलीय, तपासणीत आलंय ते. राहिला सी. आणि एचआयव्ही, पण तो बाहेर फार टिकत नाही."

"ऑपरेशनच्या आधी पुन्हा रक्त घेतील. त्यात कळेल?"

"नाही. इतक्या लवकर नाही कळत. तपासणी स्वच्छ येईल. आत काही गेलं असलं तरी स्वच्छच येईल."

"आणि मग ते तिच्या अंगात जाईल."

"गेलं असेल तर. तिला प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या असणार. त्यामुळे..."

"किती शक्यता आहे? आकडा सांग."

मी मनात हिशेब मांडला. आपल्याकडे सी ची लागण किती जणांना, बारीक सुईतून किती रक्त, सुई किती दिवसांची. "हजारात एक, फार तर. बहुधा त्याहूनही कमी."

"हजारात एक," ती म्हणाली. तिचा चेहरा सैलावला. मग तिने भिंतीपलीकडे मान वळवली. तिकडे दुसऱ्या तुकडीच्या बायकांनी पट्टा सुरू केला होता, डबे एकमेकांवर आपटत होते. "आपल्याकडे हजार डबे किती वेळात जातात गं?"

"सोळा-सतरा मिनिटांत."

"म्हणजे दर सतरा मिनिटांनी एक."

त्या तुलनेत चूक होती. एक डबा म्हणजे एक सुई नव्हे; तिला एकच सुई लागली होती, हजार नव्हेत. शास्त्र शिकलेल्या माणसाला हे सांगता यायला हवं होतं, आणि मला सांगता येत होतं. पण एकोणीस वर्षं तिने हजारातला एक वाईट डबा हातांनी शोधला होता. हजारात एक म्हणजे नसल्यातच जमा, असं तिला कुणी कधी शिकवलं नव्हतं. उलट, तोच एक सुटला तर अख्खी गासडी परत येते, हे शिकवलं होतं.

"सांगू का नको?" तिने विचारलं. "तू सांगशील ते करीन."

"सांगा," मी म्हणाले.

कुक मुकादमाने फॉर्म काढला आणि पेन हातात धरून बराच वेळ बसला. "पिलसून, हे एकदा लिहिलं की खोडता येत नाही. तू आत्ता या दारातून परत गेलीस तर मी काही ऐकलं नाही."

"लिहा."

"अगं, पण..."

"मुकादम, लिहा म्हणते ना. हात दुखायला लागलाय."

त्याने लिहिलं. वेळ: दहा चाळीस. जागा: तिसरा पट्टा. मग मी टेबलाखालून तो डबा काढला आणि सुया मोजल्या.

इस्पितळात दुसऱ्या दिवशी मीही गेले, कारण मावशीने सांगितलं की डॉक्टरांचं अर्धं तिला कळत नाही आणि अर्धं ती ऐकत नाही. डॉक्टर चाळिशीच्या बाई होत्या, नीट बोलणाऱ्या. त्यांनी आधी मावशीचे आभार मानले. न सांगितलेल्या गोष्टीचा पुढे किती त्रास होतो, तुम्ही योग्य केलंत, वगैरे. नंतर म्हणाल्या, सहा आठवडे थांबावं लागेल. दोनदा रक्त तपासू, दुसऱ्या आठवड्यात आणि बेचाळिसाव्या दिवशी. दुसरी तपासणी स्वच्छ आल्याशिवाय इस्पितळाची समिती परवानगी देणार नाही.

"बहिणीकडे सहा आठवडे आहेत?" मावशीने विचारलं.

डॉक्टरांनी कागद चाळले.

ह्यांगमी तिसऱ्या मजल्यावर होती. डोळ्यांचे पांढरे भाग लिंबाच्या सालीसारखे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हसली. "ताई, मला चालेल. जंतूवालं तर जंतूवालं. सेकंडहँड वस्तू आहे, थोडा डाग असणारच."

"तुम्हाला चालेल," डॉक्टर म्हणाल्या, "मला चालणार नाही."

निघताना त्यांनी दारात थांबवून आणखी एक गोष्ट सांगितली. सुया कुणाच्या होत्या हे कळलं, आणि त्या माणसाचं रक्त स्वच्छ निघालं, तर थांबायची गरज नाही. मग दोन-तीन दिवसांत ऑपरेशन करता येईल.

त्या दिवशी ह्यांगमीचं बिलिरुबिन, रक्तातला काविळीचा आकडा, एकोणीस होतं. निरोगी माणसाचं एकच्या आसपास असतं.

डबा कुठून आला हे शोधणं वाटतं तितकं अवघड नव्हतं. तिसऱ्या पट्ट्यावर त्या सकाळी दोन गाड्यांचा माल होता, म्हणजे सात गृहसंकुलांचा. सातांपैकी एकाच ठिकाणचे डबे बोडके येतात. शहराचा नियम आहे की लेबल काढून टाकावं, पण डिंकाने चिकटवलेलं लेबल कोण सोलत बसतं? त्या एका संकुलातून मात्र येणारा प्रत्येक डबा सोललेला, आणि त्यावर पातळ पात्याचे उभे, समांतर ओरखडे. आम्ही त्यांना 'भिक्षू' म्हणायचो. मी सुयांच्या डब्यावर बोट फिरवलं. उभे ओरखडे, साधारण तीन मिलिमीटर अंतराने.

संकुलाच्या फाटकावर मेंगकाका पहारेकरी होते. सत्तरीचे, गणवेशाची वरची गुंडी लावलेली. आम्ही कचरा केंद्रातून आलोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"बक्षिसाचं का? यंदा शहराचा पहिला नंबर आमचा येणार असं ऐकलंय."

"काका, हा डबा तुमच्याकडचा?" मावशीने पिशवीतून तो काढला.

त्यांनी तो हातात घेऊन फिरवला, आणि डॉक्टरने क्ष-किरणांचा फोटो बघावा तसा उजेडात धरला. "आमचाच. हे बघा, काठ बघा. बाराशे बारा घरं आहेत इथे, बाई. एक डबा लेबलासकट जाऊ देत नाही मी. गरम पाण्यात भिजवतो, मग वॉलपेपर कापायचं पातं. लोक हसतात. म्हणतात, मेंग, तू दाढीसुद्धा इतकी नीट करत नाहीस."

"यात सुया होत्या," मी म्हणाले.

"कसल्या सुया?"

मी सांगितलं. सांगताना मावशीने हातावरची पट्टी दाखवली नाही, पण त्यांनी ती पाहिली. मग ते खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले.

"लेबलावर काहीतरी लिहिलं होतं," ते शेवटी म्हणाले. "काळ्या मार्करने. मी वाचलं नाही. मी लेबलं वाचत नाही, बाई. मी ती काढतो."

लिहिणारी माणसं त्यांनीच दाखवली. संकुलात वृद्धांसाठी एक खोली आहे. खाली गरम केलेली जमीन, पत्त्यांचा डाव, भाताचा मोठा कुकर. तिथल्या प्रमुख बांगआजी एक्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी आमच्यापुढे बार्लीचा चहा ठेवला आणि ऐकता ऐकता त्यांच्या हातातले पत्ते गळून पडले.

"आम्ही लिहिलं होतं गं! मीच लिहिलं. 'सुया आहेत, उघडू नका.' एवढ्या मोठ्या अक्षरांत, कारण लहान मलाच दिसत नाही. आरोग्य केंद्रात नेऊन द्यायचा होता. कचरा उचलणाऱ्या कुणाला टोचू नये म्हणूनच तर सगळ्यांनी एकाच डब्यात टाकायचं ठरवलं. बाहेर, कचऱ्याच्या जागेजवळच्या भिंतीपाशी ठेवला होता, नेणार होतो. एक दिवस बघितलं तर नाही. मला वाटलं, हानआजोबांनी नेला."

"मला वाटलं, तू नेलास," कोपऱ्यातून हानआजोबा म्हणाले.

"तुला नेहमीच वाटतं मी केलं!"

किती जण टाकायचे, मी विचारलं. त्यांनी बोटं मोजली. अकरा.

मी वहीत अकरा नावं लिहिली. मावशी जमिनीवर दोन्ही हात टेकून वाकली, कपाळ खाली लागेपर्यंत. म्हातारी माणसं गडबडून गेली. एकाने पत्ते लपवले, का ते कळलं नाही. बांगआजींनी तिला दंडाला धरून उठवलं. "ऊठ पोरी, ऊठ. रक्तच ना? घे, किती हवं ते घे. या वयात ते आमच्या तरी कुठे कामाचं आहे?"

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राच्या बाकावर दहा जण रांगेत बसले होते, चांगले कपडे घालून, जणू लग्नाला आलेत. हानआजोबा सुईकडे बघून चक्कर येऊन पडले, रोज दोनदा इन्सुलिन घेणारा माणूस. बांगआजी त्यांना महिनाभर पुरेल इतकं बोलल्या. मेंगकाका दाराशी उभे होते. त्यांना मधुमेह नव्हता, तरी बाही वर करून विचारत होते, माझंही घ्या ना.

चार दिवसांनी दहांचे दहाही अहवाल स्वच्छ आले.

अकरावे प्योआजोबा. ते ऑक्टोबरच्या मध्यात संकुल सोडून गेले होते. मुलाने त्यांना दक्षिणेला, आपल्या गावाजवळच्या वृद्ध रुग्णालयात ठेवलं होतं. त्यांना आता माणसं ओळखू येत नव्हती. त्यांच्या रक्तासाठी मुलाची सही हवी.

मी फोन लावला, स्पीकरवर ठेवला. मुलाचा आवाज दमलेला होता.

"तुम्ही कोण म्हणालात? कचऱ्यातून?"

"वेगळं करण्याच्या केंद्रातून. आपल्या वडिलांचं फक्त पाच मिलिलिटर..."

"माझ्या वडिलांनी काय केलं?"

"काही नाही केलं. त्यांचा काही दोष नाही. फक्त रक्त..."

"मग त्यांच्या रक्ताशी तुमचं काय देणंघेणं? उद्या काही निघालं तर केस टाकणार. मला ठाऊक आहे हे कसं असतं. आधी पाच मिलिलिटर, मग वकील."

"साहेब," मावशी फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "मी लिहून देते. काही निघालं तरी तुमच्याकडे काही मागणार नाही. माझी बहीण आहे हो."

"माझे बाप आहेत," तो म्हणाला आणि फोन ठेवला. नंतर त्याने आमचे दोन्ही नंबर ब्लॉक केले.

मावशी रविवारी बसने तिकडे गेली. पाच तासांचा प्रवास. बरोबर नासपतींची पेटी, सोनेरी कापडात बांधलेली, सणाला नेतात तशी. नातलगाच्या परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, असं तिला दारातच सांगितलं. ती अडीच तास बाकावर बसली. मुलगा येतो तो शनिवारी येतो, एवढं एका नर्सने सांगितलं. पुढच्या शनिवारी ती पुन्हा गेली. तो आला, पेटी पाहिली, तिच्यापुढून आत गेला आणि जाताना दुसऱ्या दाराने गेला.

बिलिरुबिन सत्तावीस.

पेटी तिने सोमवारी केंद्रात आणली. जेवणाच्या सुट्टीत ओकह्वाने नासपती सोलून फोडी केल्या. कुणी हात लावेना.

"खा गं," मावशी म्हणाली. "विष घालून आणल्यात का? दोनदा दहा तास मांडीवर घेऊन बसलेय मी त्यांना."

आम्ही खाल्ल्या. गोड होत्या. ओकह्वा चावता चावता उठून बाहेर गेली.

दुसऱ्या आठवड्याची तपासणी स्वच्छ आली. मी तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि त्यांच्यापुढे माझा हिशेब ठेवला: अकरांपैकी दहा जण बाद, उरलेल्या एकाच्या सुया फार तर इतक्या, त्याही तीन आठवडे वाळलेल्या, आणि पहिली तपासणी स्वच्छ. हजारात एक नव्हे, लाखात एकही नाही. त्यांनी प्रत्येक ओळ वाचली. एका ठिकाणी चूक दाखवली, ती खरी होती, पण तिने उत्तर फारसं बदलत नव्हतं.

"माझ्या हातात असतं तर केलं असतं," त्या म्हणाल्या. "समितीकडे पाठवते."

समिती सत्ताविसाव्या दिवशी बसली. चार विरुद्ध तीन. नाही. पुन्हा अर्ज केला. पुढची बैठक एक्केचाळिसाव्या दिवशी होती.

ह्यांगमी त्या सुमारास झोपूनच असायची. जागी झाली की उलटसुलट बोलायची. यकृत थकलं की विष मेंदूत साचतं. मी पुस्तकात वाचलं होतं, अमोनियाचा आकडाही रोज लिहून घेत होते. एका दुपारी मावशी संत्र्याच्या फोडीची साल काढत होती आणि ह्यांगमीने तिचा हात धरला.

"ताई, शाळेत उशीर होतोय."

"आज सुट्टी आहे."

"खोटं. तू नेहमी असंच सांगतेस आणि मग बाई ओरडतात." मग थोडं थांबून, अगदी शुद्धीवर आल्यासारखी, "तू कशाला सांगितलंस गं त्यांना? सुईचं?"

मावशीने फोड तिच्या ओठाला लावली. मी खिडकीपाशी उभी होते. मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने म्हटलं, "मला वाटलं सांगावं. माझं मीच ठरवलं."

तेहेतिसाव्या दिवशी ह्यांगमीला अतिदक्षता विभागात हलवलं. यादीतून एक यकृत आलं होतं, पण ते तिच्या रक्तगटाचं नव्हतं. अडतिसाव्या दिवशी, शुक्रवारी, बारा डिसेंबरला, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ती गेली.

अंत्यसंस्काराच्या दालनात तीन दिवस आम्ही पाळीपाळीने बसलो. मेंगकाका आले. त्यांनी फोटोपुढे दोनदा नमस्कार केला आणि तिसऱ्यांदा खाली वाकले ते उठेनात. ओकह्वाने आणि मी त्यांना उठवलं. बांगआजींनी वृद्धांच्या खोलीतल्या सगळ्यांच्या नावाने मदतीच्या पैशांचं पांढरं पाकीट पाठवलं होतं, त्यावर मोठ्या अक्षरांत अकरा नावं. प्योआजोबांचंही होतं. मावशी आलेल्या प्रत्येकाला सूप आणि भात वाढत होती. मध्येच तिने मला विचारलं, "मीठ बरोबर आहे ना गं? मला चव कळत नाहीये."

"बरोबर आहे."

माफी मागायची म्हणून मी वाक्य तयार केलं होतं. भांडी धुताना ते म्हणायला लागले तर ती म्हणाली, "ती ताटली इकडे दे."

सोमवारी ती पट्ट्यावर होती. कुक मुकादमाने घरी जा म्हटलं, गेली नाही. हातमोजा नवा होता. तिने कात्री मागितली नाही. दहाही बोटं झाकलेली होती, त्यामुळे तिच्याकडून डबे सुटत होते आणि मी ते पुढे पकडत होते. एकदा एक बोडका डबा आला. भिक्षू. तिने तो उचलला, टोपण काढलं, आत पाहिलं, रिकामा होता, तरी बराच वेळ आत पाहत राहिली. तेवढ्यात पस्तीस-चाळीस डबे निघून गेले. मेंगकाका अजून लेबलं काढत होते की बदली पहारेकरी आला होता, हे मला नंतरही कळलं नाही.

मंगळवारी बेचाळिसावा दिवस होता. "आता कशाला?" मावशी म्हणाली. पण अपघाताच्या नोंदीसाठी दुसरा अहवाल जोडावा लागतो, नाहीतर फॉर्म बंद होत नाही, आणि कुक मुकादम दोनदा विचारून गेला होता. मी तिच्याबरोबर गेले. नर्सने उजवा दंड बांधला, शीर सापडेना, मग डावा. मावशीने मान फिरवली नाही. काचेची नळी भरताना ती बघत होती.

अहवाल दोन दिवसांनी आला. फॉर्मला मीच जोडला.

नमुना: पाच मिलिलिटर. रक्त घेतल्याची तारीख: सोळा डिसेंबर. एचआयव्ही: आढळला नाही. हिपॅटायटिस सी विषाणू: आढळला नाही, मोजता येणारी किमान पातळी, मिलिलिटरला पंधरा एकक.